पाने माना का टाकतात?

मुक्या जनावराला काही दुखले-खुपले, तर ते निदान कण्हते, कूस बदलते, चाऱ्याकडे पाठ फिरवते. घरातील कुंडीत वाढणाऱ्या रोपाला तेवढीही सोय नसते. त्याला जागचे हलता येत नाही, की कोणाला हाक मारता येत नाही. आपल्यावर काही संकट ओढवले आहे, हे सांगण्याची एक साधी खूण तेवढी त्याच्याजवळ असते. ते आपली पाने खाली सोडते. काल सायंकाळी टवटवीत दिसणारे रोप आज सकाळी पाहावे, तो फांद्यांचे शेंडे वाकलेले आणि पाने लोंबू लागलेली! रोपाने माना टाकल्या, असे आपण म्हणतो.

असे रोप दृष्टीस पडताच आपल्यापैकी बहुतेकजण काय करतात? तांब्याभर पाणी आणतात आणि कुंडीत ओततात. पुष्कळदा हा उपाय लागूही पडतो. परंतु कधीकधी याच उपायाने रोप मरते. असे का व्हावे, हे समजण्यासाठी प्रथम एका घरी घडलेली हकीकत ऐका.

त्या घराच्या गॅलरीत मातीच्या कुंडीत एक तुळस होती. घरातील आजीने आपल्या माहेरच्या अंगणातील तुळशीच्या मंजिऱ्या जपून आणल्या होत्या आणि त्यांतील बियांपासून हे रोप वाढवले होते. ते माहेरचे घर पुढे विकले गेले, अंगणही गेले. राहिली ती एवढी तुळस. त्यामुळे आजीचा तिच्यावर फार जीव होता. एकदा श्रावण महिन्यात आजीला महिनाभर परगावी जावे लागले. निघताना ती नातवंडांना म्हणाली, "बाळांनो, माझ्या तुळशीकडे लक्ष ठेवा हं. तिला उपाशी ठेवू नका."

नातवंडांनी हा शब्द मनावर घेतला. सकाळी उठताच नात तुळशीला तांब्याभर पाणी घाली. शाळेला निघताना नातू आणखी एक तांब्या ओती. पूजा आटोपली की वडील ताम्हनातील पाणी तुळशीला वाहत. दुपारी आईला वाटे, मुले घाईत विसरली असतील. म्हणून तीही थोडे पाणी घाली. पंधरा दिवस हा क्रम चालला. मग तुळशीची खालची पाने पिवळी पडू लागली, वरची लोंबू लागली. मुले घाबरली. आपले काहीतरी कमी पडते आहे असे समजून त्यांनी पाणी दुप्पट केले. तुळस अधिकच खचली.

शेवटी नात शाळेच्या बागेतील माळीबाबांकडे गेली आणि रडवेल्या स्वरात म्हणाली, "बाबा, आम्ही रोज न चुकता पाणी घालतो, तरी आजीची तुळस सुकत चालली आहे हो!"

माळीबाबांनी औषध सांगितले नाही. त्यांनी एवढेच विचारले, "रोज घालता हे खरे, पोरी, पण घालता किती जण?"

नातीला चटकन उत्तर देता येईना. माळीबाबा म्हणाले, "घरी जा, कुंडीच्या मातीत बोट घालून पाहा, आणि काय दिसते ते मला येऊन सांग. मग पुढचे पाहू."

माळीबाबांनी असा प्रश्न का विचारला? त्याचे उत्तर पानाच्या रचनेत आहे. म्हणून आधी पान ताठ कसे राहते, ते पाहू या.

आपले शरीर हाडांच्या आधाराने उभे राहते. आंब्या-वडासारखी झाडे लाकडाच्या बळावर उभी असतात. परंतु कोवळ्या पानात हाडे नाहीत आणि लाकूडही फारसे नाही. मग ते कशाच्या जोरावर ताठ राहते? पाण्याच्या जोरावर! पान हे असंख्य सूक्ष्म पेशींचे बनलेले असते. प्रत्येक पेशी म्हणजे जणू पाण्याने भरलेली एक चिमुकली पिशवी होय. पिशवी पाण्याने भरलेली असली, की आतील पाणी तिच्या भिंतीवर दाब देते आणि पेशी घट्ट होते. अशा घट्ट पेशी एकमेकींना रेटून उभ्या राहिल्या, की पान ताठ होते. सायकलच्या चाकात हवा भरली म्हणजे चाक कसे टणक लागते! हवा निघून गेली, की तेच चाक मऊ पडते. पेशीतील पाणी कमी झाले, म्हणजे पानाचीही हीच गत होते.

याचा अनुभव तुम्ही स्वयंपाकघरात घेतला असेल. बाजारातून उन्हातून आणलेली कोथिंबिरीची जुडी मरगळलेली असते. आई तिची देठे पाण्यात बुडवून ठेवते, आणि थोड्या वेळाने जुडी पुन्हा तरारते. जुडीत नवा जीव आलेला नसतो. तिच्या पेशींत पाणी तेवढे परत आलेले असते. लाजाळूच्या झाडाला हात लावताच त्याची पाने मिटतात आणि देठ खाली पडतो, तोही याच पाण्याचा खेळ आहे. पर्णिकांच्या व देठांच्या बुडाशी असलेल्या फुगीर भागातील पेशींतून पाणी झटकन बाहेर पडते, म्हणून पान मान टाकते. काही वेळाने पाणी पेशींत परत येते आणि पान पुन्हा उघडते.

आता हे पाणी पानापर्यंत येते कोठून आणि जाते कोठे? मुळांच्या टोकांजवळ केसांसारखे अतिशय नाजूक तंतू असतात. त्यांना मूलरोम म्हणतात. मातीच्या कणांना बिलगून राहिलेले पाणी हे मूलरोम शोषून घेतात. ते पाणी खोडातील बारीक नलिकांमधून वर चढते आणि पानांपर्यंत पोहोचते. पानांवर, विशेषतः त्यांच्या खालच्या बाजूस, डोळ्यांना न दिसणारी असंख्य छिद्रे असतात. ही पर्णरंध्रे होत. त्यांतून पाण्याची वाफ सतत बाहेर जात असते. या क्रियेला बाष्पोत्सर्जन असे म्हणतात. मुळांनी घेतलेल्या पाण्यापैकी फारच थोडे पाणी रोप स्वतःच्या वाढीसाठी राखून ठेवते. शंभरांतील ९५ भागांहून अधिक पाणी अशा रीतीने हवेत निघून जाते.

एवढे पाणी खरोखरच जाते का, असा प्रश्न तुमच्या मनात येईल. इंग्लंडमधील स्टीफन हेल्स या धर्मोपदेशकाच्या मनातही तो आला होता. त्याने नुसता तर्क केला नाही, तर वजनकाटा हाती घेतला. १७२४ सालच्या जुलै महिन्यात त्याने कुंडीत वाढवलेले सूर्यफुलाचे एक मोठे रोप घेतले. ते साडेतीन फूट उंच होते. मातीतील पाणी परस्पर उडून जाऊ नये, म्हणून त्याने कुंडीचे तोंड शिशाच्या पातळ पत्र्याने झाकले. मग ती कुंडी तो सकाळ-संध्याकाळ तोलू लागला. अशी त्याने पंधरा दिवसांची वजने घेतली. दिवसाच्या बारा तासांत ते एकटे रोप सरासरी २० औंस, म्हणजे अर्ध्या किलोग्रॅमहून थोडे अधिक पाणी हवेत सोडत होते! अतिशय उष्ण व कोरड्या दिवशी हा आकडा ३० औंसांपर्यंत चढला. उलट, कोरड्या उबदार रात्री केवळ सुमारे ३ औंस पाणी गेले, आणि दव पडलेल्या रात्री काहीच गेले नाही. हेल्सने आपले हे प्रयोग १७२७ साली ग्रंथरूपाने प्रसिद्ध केले. त्यांतून एक गोष्ट स्पष्ट झाली. रोपाची तहान रोज सारखी नसते. ऊन, वारा आणि हवेतील ओलावा यांप्रमाणे ती कमीजास्त होत असते.

म्हणजे प्रत्येक रोपाचा एक जमाखर्च असतो. मुळांनी जे पाणी आत घेतले, ती जमा. पानांतून जे बाहेर गेले, तो खर्च. जमा आणि खर्च यांचा मेळ बसला, म्हणजे पाने ताठ राहतात. खर्च जमेपेक्षा वाढला, की पेशी रित्या होऊ लागतात आणि पाने माना टाकतात. हे एकदा ध्यानात आले, की आपल्याला रोपाविषयी योग्य प्रश्न विचारता येतात. खर्च एकाएकी वाढला आहे का? मातीत पाणीच उरलेले नाही का? की मातीत पाणी असूनही मुळांना ते घेता येत नाही?

पहिला प्रकार सर्वांत निरुपद्रवी होय. वैशाखातील दुपारी भोपळ्याच्या वेलाकडे पाहा. त्याची मोठमोठी पाने छत्री मिटावी तशी खाली लोंबलेली असतात. ऊन इतके प्रखर असते, की मुळे पाणी पुरवतात त्यापेक्षा लवकर ते उडून जाते. सूर्य कलला, की वेल आपोआप सावरतो. गॅलरीतील रोप दुपारी मलूल होऊन सायंकाळी तरारत असेल, तर त्याला दुपारच्या वेळी थोडी सावली द्यावी. तेवढ्याने काम भागते. मात्र सकाळच्या गारव्यातही जे रोप मान वर करीत नाही, त्याच्याकडे ताबडतोब लक्ष पुरवले पाहिजे.

दुसरा प्रकार खऱ्या तहानेचा. माती कोरडी ठणठणीत होते, आक्रसते आणि कुंडीच्या कडेपासून सुटते. पाने पातळ होतात, त्यांच्या कडा करपून कुरकुरीत होतात. अशा कुंडीत आपण घाईघाईने पाणी ओतले, तर आणखी एक फसगत होते. पाणी कडेच्या फटीतून सरळ खाली उतरते आणि बुडाच्या भोकातून बाहेर पडते. आपल्याला वाटते, पाणी भरपूर झाले. परंतु मुळांभोवतीचा मातीचा गोळा आत कोरडाच राहिलेला असतो.

तिसरा प्रकार मोठा फसवा आहे. मातीत पाणी भरपूर असते, आणि तरीही पाने तहानेने वाकतात. हे ऐकून तुम्हाला नवल वाटेल. पण मुळे ही जिवंत असतात, आणि जिवंत राहण्यासाठी आपल्याप्रमाणेच त्यांनाही श्वास घ्यावा लागतो. मातीच्या कणांमध्ये बारीक पोकळ्या असतात व त्यांत हवा खेळत असते. त्या हवेतील प्राणवायू मुळांना मिळतो. कुंडीत सतत पाणी साचून राहिले, की या पोकळ्या पाण्याने भरून जातात. मुळांचा श्वास कोंडतो. मग ती दुर्बळ होतात, त्यांवर बुरशी चढते आणि ती कुजू लागतात. कुजलेले मूळ पाणी कसे शोषणार? अशा रीतीने रोप पाण्यात उभे असूनही तहानलेले राहते. पुरात सापडलेल्या गावात चहूकडे पाणी असावे आणि प्यायला घोटभर मिळू नये, तशी त्याची अवस्था होते. पाने लोंबलेली पाहून आपण आणखी पाणी घालतो, त्यामुळे उरलीसुरली मुळेही कुजतात. श्रावणात तर हवा दमट आणि आकाश ढगाळ. त्या दिवसांत पानांतून पाणी फार थोडे उडते. आपल्या हकीकतीतील तुळशीला एका तांब्याचीदेखील रोज गरज नव्हती, आणि तिला मिळत होते चौघांचे पाणी!

मुळांच्या कामात आणखीही अडथळे येऊ शकतात. काकडीच्या कोशिंबिरीला मीठ लावून ठेवले, की थोड्या वेळाने तिला पाणी सुटते, हे तुम्ही पाहिले असेल. मिठाने काकडीच्या पेशींतील पाणी बाहेर ओढून घेतलेले असते. लवकर वाढ व्हावी म्हणून कुंडीत मूठभर रासायनिक खत घातले, तर तेथेही असेच घडते. खतांतील क्षार मातीत दाटतात, मुळांना पाणी घेणे कठीण होते आणि पाने करपून वाकतात. रोप एका कुंडीतून दुसऱ्या कुंडीत हलवताना नाजूक मूलरोम तुटतात. त्यामुळे नव्या जागी चार दिवस ते मलूल दिसते. जास्वंदीच्या शेंड्यांवर पांढऱ्या कापसासारखे जे पुंजके दिसतात, ते पिठ्या ढेकूण नावाचे कीटक होत. ते कोवळ्या भागातील रस शोषतात आणि शेंडे मलूल होतात. शेतकरी ज्याला मर रोग म्हणतात, त्यात बुरशी किंवा जंतू खोडातील जलवाहक नलिकाच बंद करतात. मग भरल्या शेतात हरभऱ्याचे किंवा तुरीचे रोप उभ्या उभ्या सुकून जाते.

एकच खूण, पण कारणे इतकी निरनिराळी! ताप आलेल्या प्रत्येक माणसाला एकच औषध देणारा वैद्य आपण शहाणा म्हणणार नाही. तो नाडी पाहतो, जीभ पाहतो, काल काय खाल्ले ते विचारतो आणि मगच पुडी बांधतो. रोपाच्या बाबतीतही हाच क्रम ठेवावा.

प्रथम वेळ पाहावी. पाने केवळ दुपारी वाकतात, की सकाळीही वाकलेली असतात? नंतर मातीत बोट दुसऱ्या पेरापर्यंत खोचावे. वरची माती पुष्कळदा फसवते. ती कोरडी दिसते, परंतु आत चिखल असतो. किंवा ती ओली दिसते, परंतु आत खडखडाट असतो. बोट कोरडेच बाहेर आले, तर रोप तहानलेले आहे. बोटाला थंड, चिकट माती लागली, तर पाण्याचा तांब्या लगेच खाली ठेवावा. कुंडी लहान असल्यास ती उचलून पाहावी. पाण्याने भरलेली कुंडी जड लागते, कोरडी हलकी लागते. चार-सहा वेळा उचलून पाहिले, की हाताला या वजनाची सवय होते. कुंडी मातीची असेल, तर तिच्यावर बोटाच्या पेराने हलकेच टिचकी मारावी. बाजारात मडके घेताना आपण वाजवून घेतो ना, तसेच. कोरडी कुंडी खणखणीत वाजते, ओली कुंडी भरीव, बद्द आवाज करते. प्लॅस्टिकच्या कुंडीला मात्र ही परीक्षा लागू पडत नाही.

यानंतर कुंडीच्या बुडाकडे वळावे. भोक मोकळे आहे, की माती व मुळ्या यांनी बुजले आहे? खालच्या बशीत पाणी साचले आहे काय? मातीला आंबूस, कुजकट वास येतो काय? मातीवर हिरवे शेवाळ धरले आहे काय, चिलटे उडत आहेत काय? या सर्व जादा पाण्याच्या खुणा होत. पानेही उलटसुलट करून पाहावी. कीटक बहुधा पानांच्या खालच्या बाजूस आणि देठांच्या बेचक्यांत दडलेले असतात. एवढ्यानेही उलगडा झाला नाही, तर कुंडी आडवी करून रोप मातीच्या गोळ्यासह अलगद बाहेर काढावे आणि मुळे तपासावी. निरोगी मुळे पांढरट व घट्ट असतात. कुजलेली मुळे काळपट, बुळबुळीत असतात आणि चिमटीत धरताच त्यांची साल सुटून येते. मुळे गोळ्याभोवती दाट जाळे करून गरगर फिरलेली दिसली, तर रोपाला कुंडी अपुरी पडत आहे असे समजावे.

कारण सापडले, की उपाय अवघड नसतो. कोरड्या पडलेल्या कुंडीला पाणी सावकाश, थांबून थांबून, दोन-तीन वेळा घालावे. माती फारच आक्रसली असेल, तर पसरट भांड्यात पाणी घेऊन त्यात कुंडी अर्धा तास ठेवावी. बुडाच्या भोकातून पाणी आत चढते व सगळी माती भिजते. मग कुंडी बाहेर काढून निथळू द्यावी. खत जास्त झाले असल्यास भरपूर पाणी घालून ते भोकावाटे वाहून जाऊ द्यावे, म्हणजे क्षार धुऊन निघतात. पिठ्या ढेकूण ओल्या फडक्याने पुसून काढावे व साबणाच्या सौम्य पाण्याने तो भाग धुवावा. कुंडी बदललेल्या रोपाला आठवडाभर सावलीत विसावा द्यावा. मर रोगाने वाळलेले रोप मात्र काढून टाकावे आणि त्या मातीत दुसरे रोप लावू नये.

जादा पाण्याने आजारी पडलेल्या रोपाची शुश्रूषा अधिक नाजूक असते. दुखणे थोडे असेल, तर पाणी थांबवणे, भोक मोकळे करणे, बशी रिती करणे आणि कुंडी हवेशीर उजेडात ठेवणे एवढे पुरते. बशी रिती करण्याचा आणखी एक लाभ असा, की तीत डेंग्यू पसरवणाऱ्या डासांची पैदास होत नाही. दुखणे बळावले असेल, तर कुजलेली मुळे कापून रोप नव्या मातीत लावावे लागते. ही माती भुसभुशीत हवी. नुसती काळी माती कुंडीला चांगली नाही. ती पाणी फार काळ धरून ठेवते आणि वाळली की भेगाळते. तीत वाळू व चांगले कुजलेले शेणखत मिसळावे. आजारी रोपाला मात्र रासायनिक खताचा डोस मुळीच देऊ नये. अशक्त माणसाला आपण पक्वान्नांचे जेवण वाढत नाही.

आता आपल्या तुळशीकडे परत येऊ. माळीबाबांच्या सांगण्याप्रमाणे नातीने मातीत बोट घातले. ते चिखलाने माखून निघाले. तिने कुंडीवर टिचकी मारली. आवाज बद्द आला. तिने बशी पाहिली. ती काठोकाठ भरलेली होती, आणि कुंडीचे भोक चिखलाने गच्च बुजले होते. ती धावत माळीबाबांकडे गेली व म्हणाली, "बाबा, आम्ही चौघेजण पाणी घालत होतो. तुळस सुकली नाही, बुडाली आहे!"

रविवारी दोघा भावंडांनी, माळीबाबांनी सांगितले तसे, सर्व काम केले. तुळस बाहेर काढली, तेव्हा बहुतेक मुळे काळी पडलेली होती. मध्यभागी थोडीशी मुळे तेवढी पांढरी होती. नातीने स्वच्छ कात्रीने कुजलेली मुळे कापली. उरलेल्या थोड्या मुळांवर साऱ्या पानांचा भार पडू नये, म्हणून अर्ध्याहून अधिक फांद्याही कापल्या. आजीने जपलेल्या फांद्यांवर कात्री चालवताना तिचे हात थरथरत होते. कापलेल्या फांद्यांपैकी दोन हिरवे शेंडे तिने पाण्याच्या पेल्यात ठेवले. नातवाने भोक मोकळे केले, त्यावर खापरीचा एक तुकडा उपडा ठेवला आणि नवी माती भरली. तुळस लावून झाल्यावर दोघांनी तिला बेताचे पाणी घातले आणि कुंडी उजेडात, परंतु थेट ऊन लागणार नाही अशा जागी ठेवली. गॅलरीच्या दारावर त्यांनी एक कागद चिकटवला. त्यावर लिहिले होते, "आधी बोट, मग पाणी. आणि तेही एकट्यानेच."

यापुढचा काळ सर्वांत कठीण होता. कारण यापुढे काही करावयाचे नव्हते. एक दिवस गेला, चार दिवस गेले, आठ दिवस गेले. तुळस होती तशीच काडीसारखी उभी. नातू दोनदा तांब्या घेऊन गॅलरीपर्यंत गेला, बोटाने माती पाहिली आणि तांब्या तसाच परत घेऊन आला. प्रेम होते म्हणून पाणी घालणे सोपे होते. प्रेम असूनही हात आवरणे त्याला फार जड गेले. अकराव्या दिवशी सकाळी नातीची हाक ऐकू आली. उरलेल्या फांदीच्या पेरापाशी मोहरीएवढा हिरवा कोंब फुटला होता. पेल्यातील एका शेंड्यालाही पांढरी मुळे आली होती. दुसरा शेंडा मात्र सडून गेला.

आजी परत आली, तेव्हा तिची तुळस पूर्वीच्या निम्मीही राहिलेली नव्हती. मुलांनी काही न लपवता सगळे सांगितले. आजी पुष्कळ वेळ त्या कुंडीपाशी बसली. मग नवे कोंब न्याहाळत म्हणाली, "चुकी माझीही झाली रे. उपाशी ठेवू नका एवढेच मी सांगितले. तिला भूक लागली आहे की नाही, हे कसे ओळखायचे ते सांगायला मी विसरले." पेल्यातील मुळे फुटलेला शेंडा तिने दुसऱ्या कुंडीत स्वतःच्या हाताने लावला. आता त्या घरात माहेरच्या दोन तुळशी आहेत.

मुलांनो, तुमच्या घरीही एखादी कुंडी असेल. तीत तुळस असेल, मोगरा असेल, नाहीतर खिडकीच्या गजावर चढणारा मनीप्लांट असेल. एखाद्या सकाळी त्याने मान टाकलेली दिसली, तर पाण्याकडे धावण्यापूर्वी क्षणभर थांबा. मातीत बोट घाला, कुंडीचे बूड पाहा, पान उलटून पाहा. रोपाला बोलता येत नाही. पण जो नीट पाहतो, त्याला ते आपले दुखणे पुरतेपणी सांगते.